अभिभव आणि अप्रमाद : दुचाकीच्या प्रखर दिव्यांचा नैतिक विचार

वस्तू अस्तित्वात असूनही डोळ्यांना का दिसत नाही, याची आठ कारणे ईश्वरकृष्णाच्या ‘सांख्यकारिके’तील सातव्या कारिकेत सांगितली आहेत. वस्तू फार दूर असणे, फार जवळ असणे, इंद्रिय निकामी असणे, चित्त थाऱ्यावर नसणे, मध्ये आडोसा असणे ही त्यांतील कारणे कोणालाही सुचण्यासारखी आहेत. परंतु ‘अभिभव’ हे कारण वेगळ्या जातीचे आहे. अभिभव म्हणजे बलवान तेजाने दुबळ्या तेजाला झाकून टाकणे, आणि सूर्यप्रकाशामुळे दिवसा नक्षत्रे दिसेनाशी होतात हे त्याचे परंपरेने दिलेले उदाहरण आहे. भारतीय विचारात प्रकाश बहुतेक ठिकाणी ज्ञानाच्या बाजूने उभा असतो, त्यामुळे प्रकाशच अदर्शनाचे कारण होऊ शकतो ही सांख्यांची नोंद विशेष मोलाची ठरते. मोटारसायकलला बाहेरून बसवून घेतल्या जाणाऱ्या एलईडी दिव्यांची तुलना करताना नेमकी हीच नोंद विसरली जाते, आणि म्हणून ती तुलना तांत्रिक अंगाने जितकी अपुरी राहते, तितकीच नैतिक अंगानेही अपुरी राहते.

हे दिवे केवळ हौसेपोटी बसवले जातात असे म्हणणे अन्यायाचे होईल. भारतातील असंख्य लहान मोटारसायकलींना अनेक वर्षे ३५ वॅटचा हॅलोजन बल्ब मिळत आला, आणि खड्डे, रस्त्यात बसलेली जनावरे, मागचे दिवे न लावता कडेला उभे केलेले ट्रक यांनी भरलेल्या अंधाऱ्या रस्त्यावर तो उजेड तोकडा पडतो, ही तक्रार खरी आहे. २०२२ साली देशातील रस्ते-अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मरण पावली आणि त्यांत दुचाकीवरच्यांचा वाटा सुमारे ४४ टक्के होता. तेव्हा अधिक उजेड मागणारा चालक स्वतःच्या जिवाची रास्त काळजी करत असतो, हे आधी मान्य केले पाहिजे.

प्रश्न उभा राहतो तो मोजमापापाशी. दुकानात दिव्यांची तुलना वॅट, ल्यूमेन आणि केल्विन या तीन आकड्यांवर होते: वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो, ल्यूमेन म्हणजे त्यातून सर्व दिशांना मिळून किती प्रकाश बाहेर पडतो, आणि केल्विन म्हणजे प्रकाशाची छटा, जी हॅलोजनमध्ये ३००० च्या आसपास पिवळसर आणि बाजारातील बहुतेक एलईडींमध्ये ६००० च्या वर निळसर पांढरी असते. यांपैकी एकही आकडा तो प्रकाश कोठे जातो हे सांगत नाही. एका विशिष्ट दिशेने जाणाऱ्या प्रकाशाची तीव्रता कँडेलामध्ये आणि एखाद्या पृष्ठभागावर पडणारा प्रकाश लक्समध्ये मोजतात. रस्त्यावर पडलेले लक्स आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात शिरलेले लक्स यांची तुलना झाल्याखेरीज दिव्याची योग्यता ठरू शकत नाही.

ही गोष्ट एच-फोर नावाच्या परिचित बल्बवरून स्पष्ट होते. त्यात दोन तंतू असतात, आणि ज्याला चालक ‘डिपर’ म्हणतात त्या खालच्या झोतासाठी असलेल्या तंतूखाली धातूची छोटी वाटी बसवलेली असते, जेणेकरून प्रकाश परावर्तकाच्या वरच्या भागावरच आदळून खाली रस्त्याकडे वळावा आणि समोरच्याच्या डोळ्यांच्या पातळीवर जाऊ नये. परावर्तकाची सगळी वक्रता त्या बारीक तंतूची जागा गृहीत धरून घडवलेली असते. त्याच जागी चपट्या पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या चिपांचा एलईडी बल्ब घातला, तर उगमस्थानाचा आकार आणि जागा बदलते, आणि अगदी मिलिमीटरभर फरकानेही उजेड-अंधाराची कडा फिसकटून प्रकाश वर उधळू शकतो. म्हणूनच स्वतःचे भिंग किंवा परावर्तक असलेला संपूर्ण एलईडी दिवा आणि हॅलोजनच्या घरात बसवलेला नुसता एलईडी बल्ब या दोन वस्तू एका तराजूत घालणे चुकीचे आहे. जर्मनीत २०२० साली ऑसरामच्या एच-सेव्हन प्रकारातील एलईडी बल्बला रस्त्यावर वापरण्याची परवानगी मिळाली, तीही ज्या वाहनांच्या दिव्यांत तो प्रत्यक्ष तपासला गेला त्यांच्यापुरतीच; त्या सावधपणामागचे कारण हेच होते.

डोळ्यात शिरलेला तीव्र प्रकाश डोळ्याच्या आतच विखुरतो आणि दृष्टिपटलावर उजेडाचे पातळ आवरण पसरवतो. स्टाइल्स आणि हॉलडे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रानुसार हे आवरण डोळ्यावर पडणाऱ्या प्रकाशाच्या प्रमाणात वाढते आणि दिव्याचा दृष्टिरेषेशी असलेला कोन जितका लहान, तितके ते झपाट्याने दाट होते. वयाबरोबर नेत्रभिंग गढूळ होत गेल्याने वृद्धांना त्याचा त्रास अधिक होतो. कडेने चालणारा पादचारी त्या आवरणाखाली नाहीसा होतो, म्हणजे शब्दशः अभिभूत होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने समोरासमोर येणाऱ्या दोन वाहनांमधले अंतर दर सेकंदाला सुमारे ३३ मीटरने घटते, आणि दिपलेला डोळा पूर्ववत व्हायला कित्येक सेकंद लागू शकतात.

याला हिंसा म्हणावे काय? दिवा लावणाऱ्याच्या मनात कोणाला इजा करण्याचा हेतू नसतो, आणि दिपलेला माणूस त्याला नंतर कधी भेटतही नाही. हेतू हाच हिंसेचा निकष मानला, तर चालक सहज निर्दोष ठरतो. परंतु जैनांच्या श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही पंथांना मान्य असलेल्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त उमास्वातींनी हिंसेच्या व्याख्येत प्रमादाला, म्हणजे असावधपणाला, मध्यवर्ती स्थान दिले आहे: प्रमादयुक्त प्रवृत्तीने प्राणांचा घात होणे म्हणजे हिंसा. जैन विचारात प्राण दहा मानले जातात आणि पाच इंद्रिये त्यांतच मोडतात. तेव्हा दुसऱ्याची दृष्टी क्षणभर हिरावून घेणे हाही प्राणावरचाच आघात आहे, असे अनुमान काढायला जागा आहे. अमृतचंद्रांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथात हे सूत्र दोन्ही दिशांनी ताणले आहे: जो सावध आहे त्याच्याकडून चुकून जीव गेला तरी तो हिंसक ठरत नाही, आणि जो असावध आहे त्याच्या हातून कोणी मेले नाही तरी तो हिंसेतून सुटत नाही. या दृष्टीने पाहता अपघात घडला नाही, एवढ्यावर प्रखर दिव्याचे समर्थन होऊ शकत नाही.

याच परंपरेतील ‘ईर्यासमिती’ म्हणजे चालण्यातील सावधगिरीचा नियम येथे विशेष लागू पडतो. पायाखाली जीव येऊ नये म्हणून साधूने दिवसाउजेडी, पुढची सुमारे चार हात जमीन न्याहाळत चालावे, असे तो सांगतो. पाहणे हे तेथे स्वतःच्या सोयीसाठी नसून दुसऱ्याच्या रक्षणासाठी आहे, आणि वाहनाच्या दिव्याचे खरे प्रयोजनही तेच असावयास हवे.

आत्मरक्षणाचा पूर्वपक्ष यावर उरतो, आणि तो दुबळा नाही. धर्मशास्त्राने जीव घ्यायला आलेल्या आततायीविरुद्ध बळ वापरण्यास मुभा दिली आहे. पण समोरून सायकलवर येणारा शेतमजूर आततायी नाही, आणि स्वतःचे भय त्याच्या डोळ्यांवर ढकलण्याचा अधिकार त्या मुभेतून निघत नाही. कांटने १७८५ च्या आपल्या ग्रंथात मांडलेली कसोटी, म्हणजे आपल्या वागण्याचा नियम सर्वांनी पाळला तर तो टिकेल काय हे पाहणे, येथे जवळजवळ प्रयोगशाळेतल्यासारखी लागू होते. प्रत्येकाने समोरच्यापेक्षा प्रखर दिवा लावायचा ठरवले, तर प्रत्येकाच्या डोळ्यावरचे आवरण दाट होत जाते आणि ज्या दर्शनासाठी दिवा घेतला ते दर्शनच सर्वांना दुर्मीळ होते. ज्ञानेश्वरांनी पसायदानात सज्जनांसाठी दाह नसलेल्या सूर्याची कल्पना योजली, तिच्यात तेज कमी करण्याची मागणी नाही, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. नैतिक आग्रह मंद दिव्याचा नाही, वळण असलेल्या दिव्याचा आहे.

कायद्याने ही दृष्टी एका मोजमापात बसवली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार पुढचा झोत असा खाली वळवलेला असावा लागतो, की दिव्यापासून ८ मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे, त्या माणसाला तो दिपवणार नाही. येथे तुलना करणाऱ्याला आसनावरून उतरून दिव्यासमोर उभे राहावे लागते, आणि कोणत्याही जाहिरातीतील आकड्यापेक्षा हे स्थानांतर अधिक सांगून जाते. मात्र एकदा साधलेला कोन कायम राहत नाही. मागे माणूस बसला किंवा सामान लादले की मागचे शॉकअॅब्सॉर्बर दबतात, पुढचे टोक उचलले जाते आणि एकट्याच्या वजनावर बरोबर बसवलेला झोत थेट डोळ्यांच्या उंचीला येतो. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी होते आणि त्या काळात दिव्याचा कोन तपासून घेण्यासाठी ती परिवहन कार्यालयात नेण्याचे बंधन नसते; त्यामुळे मागच्या माणसाला बसवून, भिंतीवर झोत टाकून, दिव्याचा स्क्रू पुन्हा फिरवण्याचे काम चालकाकडेच राहते, आणि उमास्वातींच्या अर्थाने अप्रमाद त्या कामातच साधायचा असतो.