वेळेवर भरलेली कोठी

अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोचेनासा झाला. तो कापूस हिंदुस्थानातून मागवला जाऊ लागला आणि जळगाव कापसाची मोठी पेठ म्हणून वर आले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि याच पेठेला जबर फटका बसला. खानदेशातल्या ज्या शेतकऱ्याने अमेरिकेचे नावही ऐकले नसेल, त्याच्या चुलीवर काय शिजणार हे तेव्हापासून समुद्रापलीकडे ठरू लागले.

आज ही गुंतागुंत कितीतरी वाढली आहे. जळगावातल्या मेहरूणचेच पाहा. या शिवाराचे नाव बोरांमुळे गाजले. आता बोरांच्या बऱ्याच जागेवर कॉलन्या उभ्या आहेत आणि जवळच, अजिंठा रस्त्याकडच्या एमआयडीसीत, जळगावला नाव मिळवून देणाऱ्या डाळमिल आहेत. पण तिथे भरडली जाणारी सगळी तूर आपल्या रानातली नसते. देशातले पीक कमी पडले की म्यानमार आणि पूर्व आफ्रिकेतली तूर येते, मसूर कॅनडा-ऑस्ट्रेलियातून येतो. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली, तेव्हा डाळमिलच्या शेजारी राहणाऱ्यांनाही ती स्वस्त मिळाली नाही. खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज देश आयातीवर भागवतो. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे रोखली, युक्रेनमधल्या युद्धाने सूर्यफुलाचे तेल अडले आणि आपल्या फोडणीचा खर्च वाढला. गॅसचेही तेच. निम्म्याहून अधिक एलपीजी बाहेरून येतो आणि त्यातला बहुतेक आखातातून.

आपला जिल्हा पिकवतो भरपूर, पण त्यात मोठा वाटा कापसाचा आणि केळीचा. २०२०च्या टाळेबंदीत उत्तरेकडच्या बाजारपेठांची वाट अडली तेव्हा रावेर-यावलच्या केळीउत्पादकांपुढे माल कुठे न्यायचा हा प्रश्न होता, आणि शहरात त्याच वेळी लोक पिठासाठी रांगेत होते. पिकवणारा प्रदेश आपोआप पोट भरू शकणारा प्रदेश होत नाही, हे त्या उन्हाळ्याने दाखवून दिले.

म्हणून घराने तयारी ठेवावी असे मी म्हणतो. ती कशी ठेवावी याचे उत्तर आपल्याकडे जुनेच आहे. वर्षाचे धान्य भरण्याची आपली रीत पिकाच्या वेळापत्रकावर उभी होती. भाद्रपद-आश्विनात मूग-उडीद, दिवाळीच्या सुमारास बाजरी आणि खरिपाची ज्वारी, संक्रांतीनंतर तूर, शिमग्याच्या आगेमागे हरभरा आणि तापीकाठची दादर ज्वारी, मग गहू आणि लाल मिरची. चैत्र-वैशाखाच्या उन्हात बिबडे, कुरडया, पापड, सांडगे आणि वाळवलेली गवार. कैरीचे लोणचे आणि आमचूर. हिवाळ्यातली बोरे वाळवून बोरकूट. भाजी मिळेना तर वड्यांचा रस्सा, गहू महागला तर कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली. एका पिकाने दगा दिला तर दुसरे हाताशी असावे, ही या स्वयंपाकघराची शिस्त होती.

या रितीचा एक सामाजिक गुण आपण पुरेसा ओळखलेला नाही. सुगीला बाजारात माल उदंड असतो, भाव उतरलेले असतात आणि शेतकऱ्याला पैशांची निकड असते. त्या वेळी घरोघरी धान्य गेले तर शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळते, आणि पुढे पावसाळ्यात मालाची चणचण भासते तेव्हा ही घरे बाजारात गर्दी करत नाहीत. त्यांच्या वाट्याचा माल दुसऱ्यासाठी दुकानात राहतो. याउलट २४ मार्च २०२०ची रात्र आठवा. आठ वाजता टाळेबंदीची घोषणा झाली आणि गावोगावी लोक किराणा दुकानांकडे धावले. ज्यांच्या हाती पैसा होता त्यांनी दोन-दोन महिन्यांचे नेले. रोजच्या मजुरीवर जगणाऱ्यासाठी फळीवर काय उरले असेल? तेच पोते सुगीला घेतले तर ते सावधपण असते, आणि अफवा उठल्यावर घेतले तर शेजाऱ्याच्या ताटातून काढलेले असते. टंचाईत घर कसे वागले हे ठरवताना किती भरले यापेक्षा केव्हा भरले हे पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

तरी किती, याचा अंदाज हवाच. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुचवलेल्या दिवसाच्या ताटात माणशी २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये (मांसाहार करणाऱ्यांची अंडी-मांसही यातच धरलेली) आणि २७ ग्रॅम तेल व स्निग्ध पदार्थ धरले आहेत. चौघांच्या घराला महिन्याला ३० किलो धान्य, १० किलो डाळी आणि सव्वातीन किलो तेल एवढे झाले. मेहनतीचे काम करणाऱ्याला यापेक्षा जास्त लागते. फ्लॅटमध्ये वर्षाचे ठेवायला जागा नसते, पण तीन महिन्यांचे ९० किलो धान्य दोन कोठ्यांत बसते. एवढे असले तर बहुतेक अडथळे निभावतात, कारण बंदरे, गाड्या, बाजार समित्या सहसा काही आठवड्यांत पुन्हा सुरू होतात.

धान्य अख्खेच ठेवावे. पीठ लवकर खराब होते आणि बाजरीचे तर काही दिवसांतच कडवट होते. पण वीज गेली की पिठाची गिरणीही थांबते, म्हणून तांदूळ, भगर, पोहे असे न दळता शिजणारे थोडे असावे. दाणा दाताखाली कट्कन फुटेल इतका वाळवावा. ओल राहिली तर कोठी कितीही चांगली असो, कीड आणि बुरशी धरतेच. खानदेशचे ऊन हे आपले फुकटचे साधन आहे. झाकण घट्ट बसणारी कोठी, कडुनिंबाचा वाळलेला पाला, डाळीला एरंडेलाचा हात आणि जुने आधी संपवून नवे मागे ठेवण्याची सवय, घराला एवढे पुरते. मोठ्या गोदामांसाठी असलेल्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या, म्हणजे सल्फासच्या, गोळ्या मात्र घरात कधीही आणू नयेत. त्यांतून निघणाऱ्या वायूने बंद खोलीत झोपलेल्या माणसांचे जीव गेले आहेत.

पाण्याचे गणितही करून ठेवावे. पिणे, स्वयंपाक आणि स्वच्छता मिळून माणशी दिवसाला किमान १५ लिटर हे आपत्तीतल्या मदतकार्याचे जागतिक प्रमाण आहे. चौघांना तीन दिवसांसाठी १८० लिटर, म्हणजे झाकणाचे एक मोठे पिंप. दुसरा सिलिंडर भरलेला असावा. मधुमेहाची, रक्तदाबाची रोजची औषधे महिनाभराची असावीत.

हे सगळे मी मनापासून सांगतो. पण इथेच थांबलो तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. १८९९-१९००च्या दुष्काळात खानदेश होरपळला, तेव्हा इथे रेल्वे येऊन जवळजवळ चाळीस वर्षे झाली होती. दूरचे धान्य गाडीने येऊ शकत होते. ते विकत घ्यायला मजुराच्या कनवटीला पैसा नव्हता. अमर्त्य सेन यांनी १९८१च्या आपल्या ग्रंथात १९४३च्या बंगालच्या दुष्काळाची चिकित्सा करून हेच मांडले: धान्य असूनही माणसे मरतात, कारण ते मिळवण्याची ऐपत त्यांच्याकडून गेलेली असते. महाराष्ट्राने याचे उत्तर १९७२च्या दुष्काळात दिले. रस्ते, बंडिंग, पाझर तलाव यांची कामे निघाली आणि मे १९७३ मध्ये जवळपास पन्नास लाख माणसे त्यांवर राबत होती. रेशनवर अमेरिकेतला लाल मिलो आला, कामावर सुकडी वाटली गेली. पीक बुडाले, हाल झाले, पण मोठे मृत्युकांड टळले. मुंबईत त्याच सुमारास मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २००५ मध्ये त्याच विचाराने देशाचा कायदा आला.

यातून मी एवढे घेतो की कोठी अडथळ्यापासून वाचवते, भुकेपासून वाचवण्याचे काम मजुरी, रेशन आणि शेजार करतात. एमआयडीसीत रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला ‘वर्षाचे भरून ठेव’ असे सांगणे म्हणजे त्याच्या अडचणीकडे पाठ फिरवणे आहे. त्याच्यासाठी २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यातले माणशी महिन्याला पाच किलो धान्य हीच कोठी आहे. ते वेळेवर आणि पूर्ण मापाने मिळते का, याकडे ज्यांचे घर भरलेले आहे त्यांनी लक्ष द्यावे. परप्रांतातून आलेल्या कामगाराला त्याच्या गावच्या कार्डावर इथेही धान्य मिळू शकते, हे त्याला कुणीतरी सांगावे लागते. सातपुड्यातल्या आदिवासी कुटुंबांना पावसाळ्यातल्या रिकाम्या महिन्यांसाठी खावटी देण्याची पद्धत राज्याने अनेक वर्षांपूर्वी मान्य केली. वर्षातले कोणते महिने कुणाला जड जातात हे ओळखून आधीच हात देणे, हा तिचा गाभा आहे आणि तो शहरातल्या गल्लीलाही लागू पडतो.

बचतगटांना हे करता येईल. वीस घरांनी मिळून तीन महिन्यांचे धान्य घ्यायचे ठरवले तर ते अठरा क्विंटल होते, एका लहान ट्रकचा माल. तो सुगीला थेट शेतकऱ्याकडून घेतला तर दोघांचाही फायदा. गटाने पैसे आधी द्यावेत, सभासदांनी आठवड्याच्या हप्त्याने फेडावेत, आणि दर क्विंटलमागे दोन किलो बाजूला ठेवावेत. अठरा क्विंटलांवर ते ३६ किलो होतात. ज्या घरातला कमावता माणूस आजारी पडला किंवा ज्याचे काम सुटले, त्या घराचा एक महिना त्यातून निघतो. परतफेड पुढच्या सुगीला, धान्यानेच. एकट्याने वर्षाचे घेण्याची ऐपत नसलेल्याला अशाने सुगीचा भाव मिळतो.

हा अंक हाती येईल तेव्हा बाजरी आणि नवे मूग-उडीद बाजारात असतील, आणि गहू यायला पाच महिने असतील. गल्लीत बसून वीस नावे लिहायला, हप्ता ठरवायला आणि एखाद्या शेतकऱ्याशी बोलणी करायला एवढा अवधी पुष्कळ आहे. पुढचा अडथळा कोणत्या समुद्रात उभा राहील हे कुणाच्याच हाती नाही. त्या दिवशी आपल्या गल्लीत दुकानाकडे धावण्याची वेळ कुणावरही येऊ नये, हे मात्र येत्या सुगीपर्यंत आपल्या हाती आहे.