परवाना प्रश्नाला, मज्जाव उत्तराला

युगांडाची राजधानी कंपाला येथे, न्टिंडा या उपनगरातील किमेरा रस्त्यावर, त्या देशाच्या राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान परिषदेची कचेरी आहे. आणि त्या देशात माणसाच्या रक्ताचा थेंब घ्यावयाचा असो वा शेतकऱ्याच्या मळ्यात जाऊन त्याच्या पिकाची चौकशी करावयाची असो, संशोधक मेकरेरे विद्यापीठाचा असो की बाल्टिमोरचा, त्याला प्रथम या कचेरीच्या दप्तरी रुजू व्हावे लागते. १९९० च्या कायद्याने स्थापन झालेल्या या परिषदेकडील मंजूर संशोधनांच्या नोंदी वरवर पाहता एखाद्या तलाठ्याच्या वहीइतक्याच रुक्ष वाटतात: लांबलचक शीर्षक, संशोधकाचे नाव, संस्था, मुदत, मलेरियाखाली क्षय, क्षयाखाली कसावा, कसाव्याखाली केळी. तथापि त्या एकेका ओळीमागे केवढी यातायात उभी असते! आधी एखाद्या मान्यताप्राप्त नीतिसमितीचा होकार, मग परिषदेची छाननी, औषधाची चाचणी असेल तर राष्ट्रीय औषध प्राधिकरणाची स्वतंत्र अनुमती, राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीचा हिरवा कंदील, त्यानंतर जिल्ह्याच्या निवासी आयुक्ताच्या नावे पत्र. आणि इतके झाल्यावर जेव्हा संशोधकाचा माणूस गावात पोहोचतो तेव्हा त्याच्या हाती लुगांडात वा त्या मुलखातील भाषेत उतरविलेले संमतिपत्र असते, ते निरक्षर माणसाला वाचून दाखवावयाचे असते, आणि त्रयस्थ साक्षीदारासमोर शाईच्या पॅडवर अंगठा टेकवून त्याचा ठसा घ्यावयाचा असतो.

हा सारा खटाटोप व्यर्थ आहे असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. परंतु मंजुरीच्या त्या शिक्क्याने नेमके काय सिद्ध होते, हा प्रश्न जितक्या बारकाईने विचारला जावा तितक्या बारकाईने तो विचारला जात नाही असे मला वाटते. आणि तो विचारण्यास युगांडाइतका योग्य देश दुसरा नसेल, कारण गेल्या सव्वाशे वर्षांत वैद्यकाने व कृषिशास्त्राने त्या छोट्या देशात जेवढे प्रश्न सोडविले तेवढे फार थोड्या देशांच्या वाट्याला आले असतील.

विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिक्टोरिया सरोवराच्या उत्तर काठी निद्रारोगाची जी भयंकर साथ पसरली, तिने दोन लाखांहून अधिक माणसे नेली असा अंदाज आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीने १९०२ साली आपले शास्त्रज्ञ धाडले, त्से-त्से माशी हीच रोगाची वाहक आहे हे डेव्हिड ब्रूस यांनी पुढच्याच वर्षी दाखविले, आणि १९०६ मध्ये खुद्द रॉबर्ट कॉख, आदल्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळालेले, सरोवरातील सेसे बेटांवर मुक्कामास आले. अ‍ॅटॉक्सिल नावाचे सोमलयुक्त औषध त्यांनी रुग्णांना टोचण्यास आरंभ केला. रक्तातील परोपजीवी नाहीसे होतात व काही दिवसांनी परततात असे दिसताच मात्रा वाढविली. आणि वाढलेल्या मात्रेने काही रुग्णांची दृष्टी कायमची गेली. या रुग्णांना कोणी बळेच धरून आणले होते असे नाही. ते आपण होऊन येत, होड्यांतून येत, कारण दुसरा इलाज नव्हता. स्वेच्छा आणि अगतिकता यांतली सीमारेषा किती पुसट असते हे या बेटांवर जितके स्पष्ट दिसते तितके आजच्या संमतिपत्राच्या छापील मजकुरात दिसत नाही.

पुढे १९३६ साली रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या पैशातून एंटेबे येथे पीतज्वर संशोधनसंस्था निघाली. तिने १९३७ मध्ये वेस्ट नाईल जिल्ह्यातील एका तापकरी स्त्रीच्या रक्तातून आणि १९४७ मध्ये झिका अरण्यात पिंजऱ्यात ठेवलेल्या एका माकडाच्या रक्तातून जे विषाणू वेगळे केले, त्यांच्यामुळे त्या जिल्ह्याचे व त्या अरण्याचे नाव जगभरच्या वैद्यकग्रंथांत कायमचे जाऊन बसले. (त्याच एंटेबेच्या सरकारी कचेऱ्यांत कारकुनी सांभाळणारे पुष्कळसे लोक गोमंतकीय होते, ही गोष्ट आपल्याकडील वाचकाला कौतुकाची वाटेल, पण त्यांनी इमानेइतबारे राखलेल्या त्या दप्तरांत रुग्णाच्या संमतीला रकाना नव्हता, आणि तो दोष कारकुनांचा नव्हे.)

मग शिक्का नसलेले सारे संशोधन अनीतीचे होते काय? तसेही म्हणता येत नाही. मुलागो रुग्णालयातील शल्यवैद्य डेनिस बर्किट यांना १९५७ साली जबडे विलक्षण सुजलेले एक मूल दाखविण्यात आले. तशीच मुले इतरत्रही आहेत काय या जिज्ञासेपायी त्यांनी प्रथम रुग्णालयांकडे पत्रके धाडली, आणि १९६१ मध्ये दोन सहकाऱ्यांसह एका जुन्या फोर्ड गाडीतून सुमारे दहा हजार मैलांचा प्रवास करून, कोणत्या उंचीच्या व कोणत्या उष्णतेच्या प्रदेशात हा अर्बुदरोग आढळतो याचा नकाशा तयार केला. कंपालाहून विमानाने लंडनला गेलेल्या याच रोगाच्या नमुन्यांत १९६४ साली मानवी कर्करोगाशी संबंध असलेला पहिला विषाणू सापडला. बर्किटांच्या प्रश्नाला कोणतीही समिती मंजुरी देण्यास बसलेली नव्हती. तो प्रश्न मुलागोच्या खाटेवरच जन्मला होता, हे मात्र विसरता येत नाही.

आता शिक्का असलेल्या संशोधनाकडे वळू. राकाई हा युगांडाच्या दक्षिणेकडील, टांझानियाच्या सीमेला लागून असलेला जिल्हा. एड्सच्या प्रारंभीच्या काळात त्याने जे भोगले ते लिहिण्यास स्वतंत्र लेख लागेल. तेथे १९९० च्या दशकात खेड्याखेड्यांतून १५ हजारांहून अधिक प्रौढ स्त्रीपुरुषांची ठरावीक अंतराने तपासणी करणारे एक प्रचंड संशोधन झाले, आणि जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून मागाहून अशी ४१५ दांपत्ये निवडण्यात आली की ज्यांतील एकाला विषाणूची बाधा होती व दुसऱ्याला नव्हती. तीस महिन्यांपर्यंतच्या काळात त्यांपैकी ९० निरोगी जोडीदारांना बाधा झाली. परंतु ज्यांच्या रक्तात विषाणूंचे प्रमाण दर मिलिलिटरला १५०० प्रतींहून कमी होते अशा ५१ व्यक्तींच्या जोडीदारांपैकी एकालाही ती झाली नाही. मार्च २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचे महत्त्व सांगून संपणार नाही: औषधाने विषाणू दबलेला असला की तो दुसऱ्याकडे जात नाही, या आजच्या सर्वमान्य सिद्धान्ताच्या पायातील एक मोठा दगड राकाईच्या त्या घरांतून आलेला आहे.

पण ज्या नियतकालिकाने हा लेख छापला त्याच्या संपादिका मार्सिया एंजेल यांनी त्याच अंकात अग्रलेख लिहून विचारले की, असे संशोधन अमेरिकेत करू दिले गेले असते काय? बाधित व्यक्तीला औषध दिले जात नव्हते, आणि तिच्या जोडीदाराला सांगावे की न सांगावे हे तिच्यावरच सोडलेले होते. संशोधकांची कैफियतही हलकी नव्हती. ते औषधोपचार त्या काळी युगांडाच्या आवाक्याबाहेर होते. सल्ला, तपासणीचा निकाल व निरोध मागेल त्याला मोफत होते. संमतीवाचून जोडीदाराला काही कळवू नये हा दंडक युगांडाचाच होता. आणि दोन्ही देशांतील समित्यांनी रीतसर मंजुरी दिलेली होती. हे सर्व खरे आहे. मला अस्वस्थ करते ते निराळेच: कागद इतका निर्दोष असताना हा प्रश्न समित्यांच्या चर्चेत न उद्भवता छापखान्यात उद्भवावा, याचा अर्थ समित्यांपुढे तो मांडावयाला जागाच नव्हती. त्यांनी एकेका व्यक्तीची संमती तपासली. ज्या ज्ञानाचे मोल राकाईने भरले त्यावर राकाईचा हक्क काय, हा विषय त्यांच्या अधिकारकक्षेत बसत नव्हता.

याच्या अगदी उलट प्रकार मुलागोत घडला. १९९७ ते १९९९ या काळात तेथे झालेल्या चाचणीत, प्रसववेदना सुरू होताच मातेला नेविरापीनची एक गोळी आणि जन्मानंतर तीन दिवसांच्या आत बालकाला त्याच औषधाची छोटीशी मात्रा, एवढ्या अल्प उपचाराने बालकांतील एड्सच्या विषाणूच्या बाधेचे प्रमाण शेकडा २५ वरून १३ वर येते असे सिद्ध झाले. ज्या देशात पुष्कळ स्त्रिया प्रसूतीची वेळ येईपर्यंत दवाखान्याचे तोंड पाहत नाहीत, त्या देशाची गरज ओळखून रचलेला असा उपाय विरळाच. पण २००२ मध्ये अमेरिकन तपासनिसांना नोंदवह्यांत उणिवा आढळल्या, औषधकंपनीने अमेरिकेतील परवानगीचा अर्ज मागे घेतला, आणि २००४ च्या अखेरीस वृत्तपत्रांतून असा गहजब झाला की आफ्रिकेतील मातांवर काही काळा प्रयोग झाला असावा. अखेर अमेरिकेच्याच वैद्यकसंस्थेने नेमलेल्या तज्ज्ञांनी २००५ मध्ये सर्व दप्तर तपासून निष्कर्ष ग्राह्य असल्याचा निर्वाळा दिला. राकाईत कागद स्वच्छ आणि मनाला टोचणी, मुलागोत कागद अव्यवस्थित आणि हित निर्विवाद: ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की शिक्का मुख्यतः कशाची परीक्षा घेतो ते कळून चुकते.

शेतीच्या बाबतीत तर हे चित्र पुरते पालटते. रोग्याकडून पानभर संमती घेणारी व्यवस्था शेतकऱ्याला आरंभी फारसे विचारीत नाही. तिचा सारा दरारा शेवटी, फळ बाहेर पडण्याच्या वेळी प्रकट होतो. युगांडात केळे हे फळ नसून अन्न आहे. हिरवी केळी पानांत गुंडाळून, वाफवून, कुस्करून केलेले मातोके बुगांडा या प्रांतातील माणसाच्या पानात नसेल तर तो जेवलो असे म्हणत नाही. अशा देशात २००१ मध्ये केळीवर जिवाणूजन्य मर रोग आला: पाने पिवळी पडून माना टाकतात, घड अवेळी पिकतो, खोड कापले की आतून पिवळसर चिकट स्राव गळतो. कीटक केळफुलावर बसून तो पसरवितात आणि शेतकऱ्याचा स्वतःचा कोयता एका बेटातून दुसऱ्या बेटात नेतो. म्हणून पहिला इलाज ठरला तो असा की शेवटची फणी सुटताच केळफूल मोडून टाकावयाचे, तेही कोयत्याने न कापता बेचके असलेल्या काठीत अडकवून, पीळ देऊन. आणि हत्यार दर वेळी जाळावर धरावयाचे. यासोबत दुसरा हुकूम असा की रोगट दिसलेले सगळे बेट कंदामुनव्यांसह उपटावे. जिचा नवरा शहरात मजुरीला आहे त्या बाईने ते कसे उपटावे, याचा विचार हुकूम काढणाऱ्यांनी केला नसावा. शेतकरी ते करीनात. तेव्हा काही संशोधकांनी तीच तक्रार प्रश्न म्हणून उचलली: रोगट दिसलेले तेवढेच खोड जमिनीलगत कापून टाकीत राहिले तर बेट वाचते काय? वाचते, असे प्रयोगांती दिसले, कारण जिवाणू बेटातील प्रत्येक खोडात पोहोचतोच असे नाही. गाजावाजा न झालेले हे संशोधन मला फार मोलाचे वाटते.

गाजावाजा झाला तो कंपालाच्या उत्तरेस कावांडा येथील संशोधनकेंद्राचा. मातोक्याच्या केळीला बी जवळजवळ धरतच नाही, त्यामुळे संकराचा रस्ता अतिशय बिकट. म्हणून जनुके बदललेल्या केळींची पहिली लागवड तेथे २००७ मध्ये, रीतसर मंजुरीने, कुंपणाच्या आत झाली. पुढे २०१० पासून ढोबळ्या मिरचीतील जनुके घातलेल्या केळी तेथेच वाढविण्यात आल्या, आणि लीना त्रिपाठी या भारतीय शास्त्रज्ञ ज्यांत अग्रणी होत्या त्या संशोधकांना त्यांतील काही वाण मर रोगाला पुरून उरल्याचे आढळले. प्रश्नाला परवाना मिळाला, उत्तर आले. आणि उत्तर कुंपणाच्या फाटकाशी अडले. ऑक्टोबर २०१७ मध्ये संसदेने जैवसुरक्षेचा कायदा संमत केला, राष्ट्राध्यक्ष मुसेवेनी यांनी सही न करता तो परत धाडला. नोव्हेंबर २०१८ मध्ये नुकसानभरपाईची कडक कलमे घालून तो पुन्हा संमत झाला, ऑगस्ट २०१९ मध्ये तो पुन्हा परत आला. नव्या बियाण्याचे हक्क त्याच्या धन्याला मिळतील, मग ज्या समाजाने मूळचे वाण पिढ्यान्‌पिढ्या जतन केले त्याचे काय, असा राष्ट्राध्यक्षांचा एक आक्षेप होता. त्यांच्या राजकारणाविषयी कोणाचे काही मत असो, हा आक्षेप पोकळ नाही. तो दहा वर्षे उशिरा आला, एवढेच. आपल्याकडे जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी वांग्याचे हेच झाले: ऑक्टोबर २००९ मध्ये मंजुरी समितीचा होकार, मग नागपूरसह सात शहरांतील गर्दीच्या जाहीर सुनावण्या, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती. लोकांना विचारावे हे दोन्हीकडे सुचले ते पीक उभे राहिल्यावर.

वेळेवर विचार केला तर मंजुरी संथच असली पाहिजे असेही नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सुदान जातीच्या इबोलाची साथ युगांडात आली. प्रायोगिक लशी डिसेंबरात पोहोचल्या तेव्हा साथ ओसरली होती आणि चाचणी राहून गेली. त्या फजितीनंतर आराखडे तयार ठेवण्यात आले, आणि ३० जानेवारी २०२५ रोजी नवी साथ जाहीर होताच ३ फेब्रुवारीला कंपालात लशीची चाचणी सुरू झाली. चार दिवसांत काम उरकले याचे कारण समित्यांनी डोळेझाक केली हे नव्हे. वादाचे मुद्दे आधीच्या दोन वर्षांत निकालात निघाले होते.

तेव्हा माझी सूचना लहान आहे. अर्जात आज संशोधकाला धोका किती, संमती कशी, नमुने परदेशी जाणार काय हे लिहावे लागते. त्यातच हा प्रश्न मुळात कोणी व कोठे उपस्थित केला, आणि उत्तर अनुकूल आले तर कोणता कायदा, कोणता पैसा व कोणती संस्था ते गावापर्यंत नेणार, हेही लिहून घ्यावे, आणि कावांड्यासारख्या प्रकरणी ते लिहिता येत नसेल तर मंजुरीपूर्वीच संसदेकडे बोट दाखवावे. संशोधन संपल्यावर अंतिम अहवाल परिषदेकडे दाखल करण्याचा नियम आहेच. त्याची एक प्रत स्थानिक भाषेत, ज्या गोंबोलोलात, म्हणजे उपजिल्ह्यात, अंगठे घेतले त्याच्या कचेरीत ठेवावी व बाजाराच्या दिवशी वाचून दाखवावी, ही अट परवान्याच्या पाठीवर टंकलिखित करण्यास नव्या कायद्याची गरज पडणार नाही.