कथाविक्रय कशास म्हणावे?

कीर्तन आटोपल्यावर जयसिंगपुरातील एका तरुण माळकऱ्याने शंका काढली. “महाराज, कीर्तनाचे द्रव्य घेऊ नये म्हणता, मग पिंगुळीचे चित्रकथी देवाची चित्रे विकतात, तो कथाविक्रय नव्हे काय?”

कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर मंडळी रामायण-महाभारतातील प्रसंग कागदावर रंगवितात. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवायची. एका आख्यानाच्या अशा जुडग्यास पोथी म्हणतात. एकेक पान लोकांपुढे धरून वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने कथा सांगायची. बाराव्या शतकातील सोमेश्वर राजाच्या ‘मानसोल्लासा’त चित्रकथकाचा उल्लेख आहे, इतकी ही रीत जुनी. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांस २०२१ साली पद्मश्री मिळाली.

समुद्रापलीकडे बाली बेटावरही हेच. क्लुंगकुंगच्या न्यायमंडपाच्या छतावर, कुंतीच्या सांगण्यावरून भीम पंडू आणि माद्री यांना नरकातून सोडवितो, ती कथा रंगविली आहे. (सवतीसाठी पोराला नरकात धाडणारी कुंती! आम्हांस ती फार आवडली.) जवळच्या कामासन गावचे चितारी अशा चित्रांवर नाव घालीत नसत. पुढे परदेशी प्रवासी आले, विक्री वाढली, नावेही येऊ लागली.

आता शंकेचे उत्तर. आपल्या संतांना शेत होते, दुकान होते. चित्रकथ्याला कथा हेच शेत. श्रोत्यांनी दारी येणाऱ्यास धान्य द्यायचे सोडले, सिनेमाकडे वळले. मग त्याने पोरांना काय खाऊ घालावे? नवे चित्र काढून विकले तर तो हातच्या श्रमाचा मोबदला. त्यात आम्हांस दोष दिसत नाही. बिदागी ठरल्याखेरीज नारदाच्या गादीवर पाऊल न ठेवणाऱ्या आमच्यातल्यांनी तर तिकडे बोटच दाखवू नये.

पण जुनी पोथी फोडून सुटे पान विकणे निराळे. सीताहरणाचे एकच पान कुणाच्या दिवाणखान्यात टांगले, की त्या घरात रावण सीतेला कायमचा धरून उभा. पुढचे पान नाही, म्हणजे जटायू यायचा नाही, सेतू व्हायचा नाही. तो कथेचा विक्रय खरा, आणि त्यात विकणाऱ्याइतकाच घेणाराही वाटेकरी आहे. घ्यायचेच तर नवे चित्र घ्यावे, आणि काढणाऱ्यासमोर बसून त्याच्या तोंडून कथा शेवटपर्यंत ऐकावी. तेवढा वेळ नसेल, तर चित्र तिथेच राहू द्यावे.