रिपोर्ट पॉझिटिव्ह, बंड्या मजेत

दवाखान्यातून फोन आला तेव्हा बंड्या माझी चप्पल तोंडात धरून घरभर पळत होता. वर्षाच्या नेहमीच्या तपासणीत त्याचं रक्त घेतलं होतं. "लाइम पॉझिटिव्ह," डॉक्टरबाई म्हणाल्या. मी लगेच विचारलं, "गोळ्या कधी सुरू करायच्या?" त्या म्हणाल्या, "द्यायच्या का, हे आधी ठरवू."

मला रागच आला. आजार आहे, औषध आहे, मग ठरवायचं काय?

पण आजार होता का? ही चाचणी रक्तातली प्रतिपिंडं दाखवते. म्हणजे गोचीड चावली आणि बोरेलिया नावाचा जिवाणू कधीतरी अंगात शिरला, एवढंच. अशा बहुतेक कुत्र्यांना पुढे काहीच होत नाही. काहींना ताप येतो, सांधे सुजतात, आज एका पायाने लंगडतात तर उद्या दुसऱ्या. ती औषधाने बहुधा लवकर बरी होतात. अगदी थोड्यांची मूत्रपिंडं बिघडतात, आणि ते मात्र जिवावर बेततं. कुत्र्याला काहीही होत नसेल आणि लघवीतून प्रोटीन जात नसेल, तर सरसकट औषध देऊ नये, असं २०१८ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यक तज्ज्ञांच्या गटातल्या बहुतेकांनी म्हटलं. सगळ्यांनी नाही.

मग महिनाभर अँटिबायोटिक मी कोणासाठी देणार होतो? पोट बिघडलं असतं बंड्याचं, झोप लागली असती मला.

रात्री साताऱ्याला आईला व्हिडिओ कॉल केला. "अरे, खातोय ना नीट? खेळतोय ना? मग तूच कशाला आजारी पडतोयस?" मी हसलो, पण तिचंही पुरतं पटेना. मुका जीव. दुखलं तर सांगणार कसा?

सांगता आलं की प्रश्न सुटतो, असं आपण धरून चालतो. या आजाराला ज्या गावाचं नाव मिळालं, ते लाइम आमच्या न्यू जर्सीपासून काही तासांवर, कनेक्टिकटमध्ये आहे. तिथल्या पॉली मरे या बाईंच्या घरात वर्षानुवर्षं कोणी ना कोणी आजारी असे. चट्टे, सुजलेले सांधे, थकवा. त्या सगळं टिपून ठेवत, डॉक्टरांना सांगत. पण त्यांचं म्हणणं फारसं कोणी मनावर घेतलं नाही. १९७५मध्ये त्यांनी आणि आणखी एका आईने आरोग्य खात्याकडे धाव घेतली, तेव्हा कुठे शोध सुरू झाला. विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीत तो जिवाणू सापडला, तेव्हा १९८०चं दशक उजाडलं होतं.

त्या बायकांकडे दुखणं होतं, रिपोर्ट नव्हता. म्हणून त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. बंड्याकडे रिपोर्ट आहे, दुखणं नाही. आणि मी डोळे मिटून रिपोर्टवर विश्वास ठेवायला निघालो होतो. दोन्हीकडे चूक एकच. समोरच्या जिवाकडे बघायचं राहून जातं.

अर्थात 'काही करायचं नाही' यामागे आळसही लपू शकतो. मूत्रपिंडाचं दुखणं सुरुवातीला बाहेरून दिसत नाही. बंड्या चप्पल पळवतोय यावर विसंबून चालणार नाही. म्हणून त्याची लघवी तपासली. प्रोटीन नाही निघालं. काही महिन्यांनी पुन्हा तपासू. गोळ्या दिल्या नाहीत. उद्या तो लंगडला तर त्याच दिवशी देऊ. हा निर्णय चुकलाच, तर किंमत तो मोजेल, मी नाही. हे ओझं गोळी देऊनही उतरलं नसतं आणि न देऊनही उतरलेलं नाही.

एक गोष्ट मात्र हातात आहे. अंगाला चिकटलेल्या गोचिडीतून जिवाणू आत जायला साधारणपणे एक दिवसाहून अधिक वेळ लागतो. म्हणून फिरून आल्यावर रोज मी त्याच्या कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यांत हात फिरवतो. कधी खसखशीच्या दाण्याएवढं काही हाताला लागतं. बहुतेकदा माती असते. बंड्याला वाटतं, लाड चाललेत. वाटू दे.