चाकांवरचा संसार

सरकारने 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. म्हणजे नवराबायकोने घर चाकांवर घालायचं आणि दिवेआगर, गुहागर, तारकर्ली असं समुद्राच्या काठाकाठाने डुलत जायचं. आमच्या सौभाग्यवती हरखल्या. मी पडलो बीडचा! आमच्याकडे दसरा उलटला, की हजारो जोडपी भांडीकुंडी, पोरंटोरं घेऊन बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतात, ती थेट सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या फडात उतरतात. पाच-सहा महिने मुक्काम कोपीत. मुकादमाच्या हिशेबी नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. इतकं अद्वैत शंकराचार्यांना तरी साधलं असेल का?

मग घर सोडण्यातली मौज कशात? मी म्हटलं, "परतायची तारीख आपण ठरवण्यात." ही म्हणाली, "ते खरं. पण भांडी दोन्हीकडे कोण घासतं?"

तारकर्लीचा बेत तूर्त तिथेच अडला आहे.