आठचा उतारा आणि आठशे रुपये

घराचा आठचा उतारा आपण मागतो कधी? विजेचा मीटर घ्यायचा असतो, कर्जप्रकरण करायचं असतं, नाहीतर भावाभावांत वाटणी झालेली असते. कागद हाती आला की बोट थेट नावावर जातं. आजोबांचं नाव निघून आपलं लागलं की काम झालं. (सातबाऱ्यासोबतचा आठ-अ वेगळा, तो जमिनीचा. हा घराचा नमुना 8.) त्याच ओळीत पुढे क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, भांडवली मूल्य, कराचा दर असे रकाने असतात. ते वाचणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

पुणे-सातारा महामार्गावरच्या कामथडीसारख्या गावात हेच रकाने महत्त्वाचे ठरतात. 2015 च्या अखेरीस राज्यानं ग्रामपंचायतीची घरपट्टी भांडवली मूल्यावर नेली. आरसीसी घराला हजार रुपये मूल्यामागे 120 ते 200 पैसे, अशी दराची मर्यादा घालून दिली. घराचं मूल्य दहा लाख निघालं तर खालच्या दरानं घरपट्टी 1200 रुपये, वरच्या दरानं 2000. मधले आठशे रुपये मंत्रालयात ठरत नाहीत, गावच्या पंचायतीत ठरतात. फेरआकारणीच्या वेळी यादी फलकावर लागते, हरकतींची मुदत येते आणि निघूनही जाते. मग बिलं आली की पारावर आवाज चढतात.

आता पुण्याकडे पाहू. महापालिकेनं 2006-07 पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी कामं सुचवायला सांगितलं. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरानं 1989 मध्ये रुळवलेल्या वाटेचा हा पुणेरी अवतार. प्रयोग चांगलाच होता, पण अर्ज भरणाऱ्याच्या वाट्याला आले पदपथ, बाकडी, दिव्याचे खांब. पैसा कुठून आणि किती घ्यायचा, हा प्रश्न त्या अर्जात नव्हताच. स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात मिळणारी 40 टक्क्यांची सवलत 2019 मध्ये गेली, 2023 मध्ये परत आली. दोन्ही वेळा निर्णय राज्य सरकारच्या दारात झाला. म्हणजे ज्याला बाकडं कुठे टाकायचं ते विचारलं, त्याला बिल किती द्यायचं ते मात्र विचारलं नाही. माझ्या मते या प्रयोगाची खरी उणीव हीच.

कामथडीहून महामार्गानंच पुण्याकडे निघालं तर वाटेत नऱ्हे लागतं. 2021 मध्ये पालिकेत गेलेल्या 23 गावांतलं ते एक. गाव पालिकेत गेलं की कर टप्प्याटप्प्यानं चढत जातो. रस्ते आणि पाणी त्याच चढणीनं येतात का, हे तिथल्याच माणसाला विचारावं. पण मला जास्त खुपतं ते दुसरंच. त्या गावाची ग्रामसभा संपली.

कामथडीची ग्रामसभा आहे. शहराला जे उसनं आणून करावं लागलं, ते इथे 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमानं मुळातच दिलेलं आहे. तिथे अंदाजपत्रकावर बोलता येतं, जमाखर्च विचारता येतो, घरपट्टीचा विषय काढता येतो. म्हणजे घेणं आणि देणं एकाच सतरंजीवर. गणपूर्तीसाठी 15 टक्के मतदार किंवा 100 माणसं, यांतली कमी असेल ती संख्या पुरते. तीही भरली नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही. या पळवाटेनं किती गावांचे ठराव मूठभर सह्यांवर झाले असतील, ते ज्याच्या त्याच्या गावाला ठाऊक.

एक अडचण मी मान्य करतो. सगळे जमले तर सगळे म्हणतील, कर कमी ठेवा. म्हणतील ना! म्हणूनच दोन कागद शेजारी-शेजारी हवेत: एक घरपट्टीच्या दराचा, दुसरा अंदाजपत्रकाचा. दर कमी घेतला तर अंदाजपत्रकातली कोणती ओळ कापायची, ते त्याच बैठकीत सांगावं लागेल. स्वनिधीतले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी राखीव. त्याला हात लावता येत नाही. मग कात्री गटारावर चालवायची की पथदिव्यावर? वित्त आयोगाचा निधी येतो, पण त्याचा मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला असतो. मोकळा हात राहतो तो मुख्यतः घरपट्टीच्या पैशावर.

दर वर्षी एक ग्रामसभा 26 जानेवारीच्या सुमारास होते. जाताना आपल्या घराचा आठचा उतारा खिशात ठेवा, आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) नमुना 1, म्हणजे गावचं अंदाजपत्रक, मागून घ्या.