टाकून की सोपवून?

"फादर, पोरांना घरी टाकून नवरा-बायकोनं मजा करायला जाणं शोभतं का?"

मागच्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर एका आजीबाईंनी आम्हांला हे विचारलं. बाजूच्या दोघी-तिघी हसल्या, आजीबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांचा मुलगा आणि सून लग्नाच्या बाराव्या वाढदिवसानिमित्त शनिवारी दुपारी मुंबईला गेली होती आणि रविवारी संध्याकाळी परतणार होती. नऊ वर्षांची नात व सहा वर्षांचा नातू आजीपाशी होते. "सांभाळायला माझी ना नाही," त्या म्हणाल्या, "पण आमच्या वेळी असलं काही नव्हतं." प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणून त्यांची व त्या जोडप्याची परवानगी घेऊन आज या पानावर त्याचा विचार करू या.

वसईकरांना मुंबई काही परदेश नाही. हा गृहस्थ गेली कित्येक वर्षे रोज सकाळी चर्चगेटची गाडी पकडतो. पत्नीही अंधेरीला नोकरी करते. दोघांचं स्टेशन एक, पुष्कळदा गाडीही एक, पण तो पुरुषांच्या डब्यात लोंबकळतो आणि ती बायकांच्या डब्यात चौथ्या सीटवर टेकते. त्या शनिवारी दुपारी गर्दी उलट्या दिशेला होती आणि दोघं एका बाकावर, खिडकीशी बसून गेली. आजीबाईंनी (बोलणं कितीही कडक असो) वाटेत खायला सुकेळी बांधून दिली होती. फोर्टमध्ये एका साध्या लॉजवर मुक्काम, इराण्याच्या हॉटेलात चहा, मरीन ड्राइव्हवर फेरफटका आणि रविवारी कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये मिस्सा. एवढीच ही मजा. पत्नीने आम्हांला सांगितलं, "फादर, ते रोज कुठल्या रस्त्याने चालत ऑफिसला जातात ते मी बारा वर्षांत पहिल्यांदा पाहिलं."

आता आजीबाईंच्या 'टाकून' या शब्दाकडे येऊ. आपल्या भाषेत हा शब्द फार जड आहे. 'टाकलेली बायको', 'टाकून दिलेलं मूल' असं आपण म्हणतो तेव्हा नातंच तोडल्याची गोष्ट असते. पण मूल आजीच्या हाती देऊन, कधी परत येणार ते त्याला सांगून, रात्री झोपण्यापूर्वी त्याच्याशी फोनवर बोलून जे आईबाप जातात त्यांनी मुलाला टाकलं असं म्हणता येत नाही. त्यांनी ते सोपवलं आहे. टाकणारा जबाबदारी झटकतो, सोपवणारा ती विश्वासाच्या माणसाकडे देतो आणि परत घ्यायला येतो. मात्र सोपवण्यालाही अटी आहेत. मुलं रडतील म्हणून ती झोपल्यावर मागच्या दाराने निसटायचं, हे आम्हांला पटत नाही. थोडं रडणं मूल सोसू शकतं, फसवणूक त्याच्या मनात राहते. आणि आजीला आधी विचारलं पाहिजे. तिचे गुडघे दुखत असतील, तिची नोव्हेना असेल. आजी म्हणजे फुकटचं पाळणाघर नव्हे.

'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' हे म्हणणं खरं आहे. पण त्या वेळी काय होतं तेही आठवलं पाहिजे. आपली जुनी माणसं वाडीत राबत. नवरा पाणी सोडी तेव्हा बायको दांडाने ते वाफ्यात वळवी. दोघं मिळून पानवेली बांधत, केळी उतरवत, भाजीच्या जुड्या बांधत. त्यांनी लग्नाचा वाढदिवस कधी साजरा केला नसेल, पण दिवसाचे आठ-दहा तास ती एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असत. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील ग्रंथात मैत्रीबद्दल लिहिताना एका जुन्या म्हणीचा आधार घेतला आहे. बरोबर बसून पुरेसं मीठ खाल्ल्याशिवाय दोन माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, असा तिचा आशय. आपल्या आजी-आजोबांनी ते मीठ बांधावर बसून खाल्लं. आजच्या जोडप्यांचे डबेही वेगळे आणि गाडीचे डबेही वेगळे. घरी आल्यावर उरलेल्या दोन तासांत मुलांचा अभ्यास, पाण्याचा टँकर आणि सोसायटीची मीटिंग. एकेकाळी जे कामातूनच मिळत होतं ते आता मुद्दाम वेळ काढून मिळवावं लागतं. त्यामुळे ही चैन आहे असं आम्हांला वाटत नाही.

या जोडप्याच्या बाजूने बोलताना पुष्कळ जण म्हणतात, "आईबाप ताजेतवाने झाले की मुलांना जास्त चांगलं सांभाळतात." हे खरं असेल, पण या युक्तिवादावर आमचं समाधान होत नाही. त्यात नवरा-बायकोचं प्रेम हे मुलांच्या संगोपनाचं एक साधन ठरतं, जसं बैलाला चांगलं राबता यावं म्हणून विसावा द्यायचा. पती-पत्नीचं नातं स्वतःसाठीच मोलाचं आहे की नाही, हा मूळ प्रश्न आहे.

ॲरिस्टॉटल म्हणतो की मुलं ही दोघांची सामायिक ठेव असते आणि जे सामायिक असतं ते माणसांना एकत्र धरून ठेवतं. हे आपण रोज पाहतो. पण संत ऑगस्टीन पाचव्या शतकाच्या आरंभी विवाहाच्या चांगुलपणावर लिहिताना याच्या पुढे जातो. विवाह केवळ अपत्यांसाठी चांगला असता, तर वृद्ध दांपत्याच्या नात्याला आपण विवाह म्हटलंच नसतं, असं त्याचं म्हणणं. स्त्री-पुरुषांची सोबत हेही विवाहाचं एक भलेपण आहे. संत थॉमस अक्वायनस तर पती-पत्नीमधील मैत्री ही सर्वांत मोठी मैत्री मानतो. तरीही चर्चच्या १९१७ च्या कायदेसंहितेत संतती व तिचं संगोपन हा विवाहाचा मुख्य हेतू आणि परस्परसाहाय्य हा दुय्यम हेतू, अशी उतरंड होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील चर्चविषयीच्या दस्तऐवजात स्पष्ट केलं की विवाह केवळ संततीसाठी स्थापलेला नाही. १९८३ च्या संहितेत ती उतरंड दिसत नाही. तिथे पती-पत्नीचं कल्याण आणि संतती ही दोन्ही शेजारी-शेजारी आहेत, आणि पती-पत्नीचं कल्याण आधी लिहिलं आहे. लग्नपूर्व मार्गदर्शन शिबिरात आम्ही हे दरवेळी सांगतो. मुलं-मुली माना डोलावतात. त्यांचं लक्ष हॉल आणि बँड यांच्याकडे असतं, त्याला आमचा इलाज नाही.

बँडवरून आठवलं. आपल्याकडे पंचविसावा वाढदिवस मात्र दणक्यात होतो. मांडव, तीनशे पानं, केक, भाषणं. उत्सवमूर्ती दोन तास खुर्च्यांवर बसून पाकिटं घेतात आणि त्या दोन तासांत एकमेकांशी एक वाक्यही बोलत नाहीत. त्या खर्चात कितीतरी शनिवार निघाले असते. समारंभाला आमचा विरोध नाही, जेवायला आम्हीही असतो.

या विषयाची खरी निकड घरोघरी आशीर्वाद द्यायला जाताना जाणवते. मुलगा आखातात, मुलगी कॅनडात, आणि घरात दोन माणसं. एक हॉलमध्ये टीव्हीपुढे, एक स्वयंपाकघरात. भांडण नाही, पण बोलणंही नाही. मुलं असेपर्यंत सगळं बोलणं मुलांविषयी होतं. मुलं गेली आणि विषय संपला. "तुमच्याशी बोलायला बरं वाटतं, फादर," असं ती बाई दाराशी हळूच म्हणते तेव्हा आम्हांला बरं वाटत नाही.

मग मुलांपेक्षा जोडीदार मोठा का? इथे दोन गोष्टींची गल्लत होते. निकडीचा क्रम वेगळा आणि नात्याचा क्रम वेगळा. सहा वर्षांच्या पोराला ताप चढला तर लॉजचे पैसे गेले तरी चालतील, पहिल्या गाडीने परत यायचं, यात शंका नाही. संत मार्कच्या शुभवर्तमानात दमून आलेल्या प्रेषितांना प्रभू येशू एकांत जागी विसाव्याला नेतो, आणि लोक त्यांच्या आधीच तिथे पोचलेले असतात. प्रभूला त्यांचा कळवळा येतो आणि तो त्यांना शिकवू लागतो. पण म्हणून विसाव्याचं ते बोलावणं चुकीचं ठरत नाही. लहानग्याची गरज आधी भागवायची, कारण ते दुबळं आहे. विवाहाचं वचन मात्र आपण मुलांना दिलेलं नाही, एकमेकांना दिलं आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात पुरुष आईबापांना सोडून पत्नीशी जडून राहतो असं येतं तेव्हा मुलांचा उल्लेखही नाही.

थॉमस अक्वायनस विश्रांतीविषयी लिहिताना संत योहानाची एक जुनी कथा सांगतो. योहान शिष्यांबरोबर खेळताना दिसला म्हणून काही जण नाराज झाले. त्यांपैकी एकाकडे धनुष्य होतं. योहानाने त्याला बाण सोडायला लावले आणि विचारलं, "हे असंच सतत करत राहता येईल का?" तो म्हणाला, "नाही, धनुष्य मोडेल." पुढचं योहानाला फारसं समजावून सांगावं लागलं नाही. मुंबईची गाडी रोज पकडणाऱ्यांनाही लागू नये.

मात्र एका रात्रीच्या मुक्कामाने सगळी दुखणी बरी होत नाहीत. जो नवरा वर्षभर पगार गुत्त्यात घालतो किंवा हात उगारतो, त्याने वाढदिवसाला गेटवे दाखवून काही साधत नाही. तिथे आधी दुसऱ्या मदतीची गरज असते, आणि तिच्यासाठी आमचं दार उघडं आहे. कर्ज काढूनही जाऊ नये. किल्ल्यात किंवा समुद्रकिनारी फोन घरी ठेवून दोन तास फिरून आलात तरी पुरे. गीतरत्नातली वधू प्रियकराला सांगते की चल, शेताकडे जाऊ, खेड्यात रात्र काढू. ती शहरातून खेड्याकडे निघाली, आपली माणसं खेड्यातून शहराकडे, एवढाच फरक.

चर्च संतांचा सण बहुधा त्यांच्या मृत्यूच्या दिवशी पाळतं. २००१ साली धन्य घोषित झालेल्या लुईजी व मारिया बेल्त्रामे क्वात्रोक्की या दांपत्याचा दिवस मात्र २५ नोव्हेंबर आहे. १९०५ साली त्याच तारखेला त्यांचं लग्न झालं होतं. संत तेरेजाचे आईवडील लुई आणि झेली मार्टिन २०१५ साली एकत्र संत घोषित झाले. त्यांचा सण १२ जुलैला असतो. त्यांचं लग्न १८५८ च्या जुलैमध्ये १२ व १३ तारखांमधल्या मध्यरात्री लागलं होतं. नऊ मुलं झाली, त्यांतली चार लहानपणीच गेली, इतकं दुःख पाहिलेलं ते घर. चर्चने त्यांच्यासाठी त्यांच्या लग्नाचीच आठवण निवडली.

राहता राहिला प्रश्न ज्यांच्याकडे आजी नाही त्यांचा. स्टेशनजवळच्या इमारतींत राहायला आलेली कितीतरी तरुण कुटुंबं आपल्या धर्मग्रामात आहेत. त्यांचे आईवडील गावी, आणि शेजाऱ्यांची नावंही अजून नीट माहीत नाहीत. त्यांनी मुलं कोणावर सोपवायची? येत्या महिन्याच्या लहान ख्रिस्ती समूहांच्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी विनंती आहे. एखाद्या शनिवारी ओळखीच्या घरची दोन मुलं रात्रीपुरती ठेवून घ्यायला कोण तयार आहे, ते समूहप्रमुखांना सांगावं. आजीबाईंनी आपलं नाव आधीच दिलं आहे, पण दोनपेक्षा जास्त मुलं नकोत, असं बजावून.